नाकातून आलेलं पाणी : तोंड आणि सायनसमधल्या एका भोकाची पावणेचारशे वर्षांची गोष्ट

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा हा लेखी मजकूर. ज्यांना एसटीत रेंज मिळत नाही, किंवा ज्यांचे इअरफोन घरातल्या कुणीतरी पळवलेत, त्यांच्यासाठी. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय. मधले खोकले तेवढे काढलेत.

आजचा विषय जरा विचित्र वाटेल. पण शेवटपर्यंत थांबा, कारण ही गोष्ट कळंब तालुक्यातल्या एका ओसरीवर सुरू होते, तिथून इंग्लंडला जाते, पुण्याला येते, आणि 2021 च्या त्या भयंकर उन्हाळ्यापाशी परत आपल्याच मराठवाड्यात येऊन पोचते.

मामांची दाढ

माझे मामा शेतकरी. 2019 सालची गोष्ट. उजव्या बाजूची वरची दाढ कित्येक वर्षं दुखत होती. लवंग लावून झाली, तंबाखू दाबून झाली, शेवटी तालुक्याच्या गावी जाऊन दाढ काढून घेतली. काढताना फार त्रास झाला नाही. दोन दिवस कापूस, गोळ्या, पातळ भात. सगळं नीट.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामांनी चूळ भरली आणि पाणी नाकातून आलं.

त्यांना वाटलं, ठसका लागला असेल. परत चूळ भरली. परत उजव्या नाकपुडीतून धार. मग चहा. चहाही आला. ताकही आलं.

मामांनी हे कुणाला सांगितलं नाही. किती दिवस? आठ महिने. लग्नाच्या पंगतीत बसायचं टाळायला लागले. भजनी मंडळात पुढे बसून गाणारा माणूस मागे जाऊन नुसते टाळ वाजवायला लागला, कारण आवाज गेंगाणा यायचा. एका नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड यायचा. मामी म्हणायच्या, "सर्दी आहे जुनी." मामा म्हणायचे, "हां, सर्दीच."

दिवाळीत मी गेलो तेव्हा पण मला काही बोलले नाहीत. नंतर एका रात्री फोन आला. हळू आवाजात, बहुतेक गोठ्यात जाऊन बोलत होते.

"लेका, तुला एक इचारायचं होतं. माझ्या टाळूला भोक पडलंय. पाणी नाकातून यायलंय. मी काडी घालून बघितली तर आत जाते की रे. मेंदूपोतर गेलंय काय ते?"

मी म्हणालो, "मामा, आधी ती काडी घालणं बंद करा."

हसू नका. मला पण तेव्हा काही माहीत नव्हतं. मी त्यांना लातूरला दाखवायला घेऊन गेलो, ऑपरेशन झालं, सगळं बरं झालं. पण त्यानंतर मी या भोकाबद्दल वाचायला लागलो आणि एक अशी गोष्ट सापडली की मी तीन दिवस तिचाच विचार करत होतो. मामांना जी भीती वाटली, अगदी तीच, एका बाईला 1651 च्या आधी इंग्लंडमध्ये वाटली होती. तिनेही भोकात काडी घातली होती. फक्त तिची काडी चांदीची होती.

आत नेमकं आहे काय?

गोष्टीत जाण्याआधी दोन मिनिटं शरीराची रचना समजून घेऊ. बोट गालावर ठेवा, डोळ्याच्या खाली, नाकाच्या बाजूला. तिथे हाड लागतं ना? त्या हाडाच्या आत पोकळी आहे. भरीव हाड नाही. दोन्ही बाजूंना एकेक. मोठ्या माणसात ती साधारण 15 मिलिलिटरची असते, म्हणजे चहाचे तीन छोटे चमचे मावतील एवढी. आपण जिला 'सायनस' म्हणतो त्यातली ही सगळ्यात मोठी. तिचं दार नाकात उघडतं.

आता या पोकळीची जमीन म्हणजे आपल्या वरच्या दाढांचं छत. बऱ्याच लोकांत दाढेची मुळं आणि सायनस यांच्या मध्ये हाडाचा अगदी कागदासारखा पापुद्रा असतो. काहींत तेवढाही नसतो, नुसतं आतलं पातळ अस्तर असतं. त्यामुळे वरची दाढ काढताना, विशेषतः पहिली किंवा दुसरी मोठी दाढ, तो पापुद्रा मुळासोबत निघून येऊ शकतो. यात दरवेळी डॉक्टरांची चूक असतेच असं नाही. कुणाच्या घराचं छत किती जाड आहे, हे ज्याच्या त्याच्या बांधणीवर असतं.

झालं! तोंडातून थेट सायनसमध्ये, आणि सायनसमधून नाकात, असा रस्ता तयार होतो. पाणी त्याच रस्त्याने येतं. मेंदूचा इथे काही संबंध नाही. मेंदू बराच वर आणि मागे असतो.

भोक बारीक असेल, म्हणजे साधारण दोन मिलिमीटरच्या आतलं, तर तिथे रक्ताची गुठळी बसते आणि ते आपोआप भरून येतं. कित्येकांना तर असं काही झालं होतं हे कळतही नाही. पण पाच मिलिमीटर किंवा त्याहून मोठं असेल तर सहसा आपोआप बंद होत नाही. आणि तसंच राहू दिलं तर काही दिवसांत-आठवड्यांत एक गंमत होते. टोचलेल्या कानाचं बघा. कानात काडी घालून ठेवली की भोकाच्या आतल्या बाजूने कातडी धरते आणि मग ते भोक कायमचं होतं. तसंच इथे. भोकाच्या भिंतींना आतून अस्तर धरतं. जखम उरतच नाही, मग भरणार काय? शरीराच्या दृष्टीने तो आता एक पक्का रस्ता असतो.

मामांचं आठ महिन्यांत हेच झालं होतं.

चांदीची काडी आणि पिसाचं देठ

आता चला इंग्लंडला. डॉर्सेट परगण्यात शेरबोर्न नावाचं गाव. तिथे नॅथॅनिएल हायमोर नावाचे डॉक्टर राहायचे. 1651 साली त्यांनी शरीररचनेवर लॅटिनमध्ये एक पुस्तक छापलं आणि त्यात गालाच्या हाडातल्या या पोकळीचं सविस्तर वर्णन केलं. ते पहिलेच नव्हते. लिओनार्डो दा विंचीने दीडशे वर्षं आधी, 1489 च्या सुमाराला, कवटी कापून तिचं चित्र काढलं होतं. पण ती चित्रं वह्यांतच राहिली. नाव मिळालं हायमोरना. आजही जुनी वैद्यकीय पुस्तकं या पोकळीला हायमोरची पोकळी म्हणतात.

हायमोरनी त्यात एका पेशंटची गोष्ट दिली आहे. एक बाई दातांच्या दुखण्याने अनेक वर्षं हैराण. एकेक करून बरेच दात काढले. शेवटी वरचा सुळा काढला तेव्हा त्याच्यासोबत हाडाचा तुकडा निघाला आणि भोक पडलं. त्यातून सतत पाणी-पू यायला लागला. हे कुठून येतंय म्हणून बाईने चांदीची बारीक सळई भोकात घातली. ती वर वर जात डोळ्यापर्यंत गेल्यासारखी वाटली. मग तिने एक पीस घेतलं, त्याचे केस काढले आणि नुसतं देठ आत सरकवलं. ते जवळजवळ अख्खं आत गेलं. बाई घाबरली. तिला वाटलं, देठ मेंदूत पोचलं!

हायमोरनी तिला समजावलं की बाई, देठ मेंदूत गेलेलं नाही, आत एक पोकळी आहे आणि ते तिथे गोल वळून बसलं. ती पोकळी सगळ्यांनाच असते.

मला हे वाचून मामा आठवले. पावणेचारशे वर्षांचं अंतर, समुद्राचं अंतर, भाषेचं अंतर, आणि प्रश्न तोच. उत्तरही तेच. त्या बाईला आधी औषधापेक्षा जास्त गरज होती ती कुणीतरी नीट सांगण्याची.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. हायमोरनी हे पुस्तक अर्पण केलं होतं विल्यम हार्वे यांना. तेच हार्वे, ज्यांनी 1628 साली सांगितलं की रक्त शरीरात गोल फिरतं. हार्वेंचं म्हणणं मान्य करून लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या शरीररचनेच्या पुस्तकांत हायमोरचं पुस्तक येतं. म्हणजे भोक कुठे पडतं हे सांगणाऱ्या पुस्तकातच ते बंद कशाने होईल त्याची किल्लीही होती. पण ती किल्ली कुलपाला लावायला पुढची पावणेतीनशे वर्षं लागली.

डॉक्टरच भोक पाडायचे!

मधल्या काळात काय झालं? उलटंच झालं. सायनसमध्ये पू साठतो हे कळल्यावर डॉक्टरांना वाटलं, तळाशी भोक पाडलं की पू खाली गळून जाईल. इंग्रज सर्जन विल्यम काउपर यांची पद्धत 1707 मध्ये छापून आली. वरची मोठी दाढ काढायची, तिच्या खड्ड्यातून वर सायनसपर्यंत भोक पाडायचं आणि तिथून आत पिचकारीने धुवायचं. ही पद्धत दोनेकशे वर्षं चालली. कित्येक पेशंट भोकाला बूच लावून जगायचे. जेवताना बूच लावायचं, धुताना काढायचं.

पण तरी सायनस बरा का होत नव्हता? कारण तोंडातलं अन्न आणि लाळ वर जायची. आणि दुसरं म्हणजे सायनस काही पाण्याच्या टाकीसारखा चालत नाही. त्याच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात, ते सगळा चिकट द्रव ढकलत ढकलत वर नेतात. हो, वर! सायनसचं खरं दार वरच्या बाजूला आहे. विसाव्या शतकात ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात डॉक्टर वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीतून हे बारकाईने पाहिलं. तळाला भोक असलं तरी ते केस द्रव वरच्या दाराकडेच नेत राहतात. आजची नाकातून दुर्बीण घालून होणारी सायनसची ऑपरेशन्स या समजेवर उभी आहेत.

त्याआधी 1893 मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज काल्डवेल यांनी आणि 1897 मध्ये पॅरिसच्या हेन्री ल्यूक यांनी, एकमेकांना न विचारता, जवळजवळ एकच रस्ता सुचवला होता. वरचा ओठ उचलून, हिरडीच्या वरून हाडात खिडकी करायची, सायनस साफ करायचा, पाण्याला नाकाच्या बाजूने वाट करून द्यायची आणि तोंडातली जखम शिवून टाकायची. यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. आता तोंडाकडचं भोक बंद करणं शक्य झालं, कारण आतल्या घाणीला दुसरी वाट मिळाली. आत पू असताना वरून भोक शिवलं, तर टाके उसवणारच. विहिरीत झरा चालू असताना वर कितीही माती टाका, ती वाहूनच जाते.

पण शिवायचं कशाने? हा प्रश्न उरला. भोकाच्या कडा ओढून जवळ आणाव्यात, तर हिरडी ताणली जात नाही. ओढून शिवली तर चार दिवसांत फाटते. शिवाय प्रत्येक शिंकेला आतून हवेचा धक्का. मग करायचं काय?

पुण्याजवळचा तो कारागीर

आता मंडळी, इंग्लंड-अमेरिका सोडून आपण येऊ पुण्याला. काळ पेशवाईचा, अठराव्या शतकाचं शेवटचं दशक.

कावसजी नावाचा एक माणूस इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. इंग्रजी पत्रात त्याचा उल्लेख मराठा असा आहे. 1792 च्या लढाईत तो टिपू सुलतानच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवं नाक लावून दिलं. हा माणूस विटा पाडणाऱ्या समाजातला होता. त्याचं नाव त्या पत्रात दिलेलं नाही. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे ऑपरेशन स्वतः पाहिलं आणि त्याची हकीकत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' या मासिकात चित्रासकट छापून आली.

पद्धत ऐका. आधी मेणाचा पातळ पत्रा करून तो नाकाच्या जागी बसवून माप घ्यायचं. मग तो पत्रा उलगडून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ मारायची. त्या रेघेवरून कातडी सोलायची, पण पूर्ण नाही! दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेलीच ठेवायची. मग ती कातडी वळवून खाली आणायची आणि नाकाच्या जागी बसवायची. वरून काय लावायचं? काथ! हो, पानाला लावतो तो काथ. पाण्यात भिजवून कापडाच्या पट्ट्यांवर थापून एकावर एक पाच-सहा पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात बुडवलेलं कापड. आणि साधारण पंचविसाव्या दिवशी ती मधली पट्टी कापायची.

पंचविसाव्या दिवशीच का? त्या पत्रातच लिहिलंय की ही पट्टी तोपर्यंत रक्ताचा प्रवाह चालू ठेवते. नवी जागा कातडीला धरून घेईपर्यंत जुन्या जागेचं रक्त तिला जगवतं. मग नव्या जागेतून रक्तवाहिन्या आत शिरतात, आणि जुन्याची गरज संपते.

ही कल्पना त्या कारागिराची एकट्याची नव्हती. सुश्रुतसंहितेत गालाची कातडी अशीच एका बाजूला जोडलेली ठेवून, पानाचं माप घेऊन नाकावर बसवायचं वर्णन आहे. सुश्रुतापासून त्या कारागिरापर्यंत ती कोणकोणत्या हातांतून आली असेल, तो एक वेगळाच भाग होईल. पण लंडनचे सर्जन जोसेफ कार्प्यू यांनी ती हकीकत वाचली, वर्षानुवर्षं प्रेतांवर सराव केला, 1814 मध्ये पहिलं ऑपरेशन केलं आणि 1816 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. युरोपात या पद्धतीला नावच पडलं 'भारतीय पद्धत'. आणि लक्षात घ्या, वेदना न होऊ देणारी इथरची भूल यायला अजून तीस वर्षं होती. पहिलं जाहीर प्रात्यक्षिक झालं 1846 मध्ये. कावसजीने हे सगळं जागेपणी सहन केलं.

आता तुम्ही म्हणाल, नाकाचं तोंडातल्या भोकाशी काय देणंघेणं? सगळं देणंघेणं तिथेच आहे. कडा ओढू नका, शेजारचं मांस आणा. आणि आणताना त्याचा रक्ताचा देठ तोडू नका. देठ तोडलेलं पान किती वेळ हिरवं राहील?

गाल, टाळू आणि गालातली चरबी

विसाव्या शतकात हीच कल्पना तोंडाच्या आत गेली. सर्जन या सरकवलेल्या मांसाच्या तुकड्याला 'फ्लॅप' म्हणतात. मी इथे तोच शब्द वापरतो.

1936 मध्ये जर्मन सर्जन रेहरमान यांनी गालाच्या बाजूचा फ्लॅप सांगितला. भोकाच्या दोन्ही बाजूंनी हिरडीवर वरच्या दिशेला दोन चिरा द्यायच्या. मध्ये जो चौकोनी पडदा सुटतो, त्याचा देठ वर गालाकडे राहतो. हा पडदा खाली ओढून भोकावर आणायचा. पण तो पोचत नाही, कारण त्याच्या खालच्या अंगाला हाडावरचं जाड आवरण असतं आणि ते रबरासारखं ताणत नाही. रेहरमाननी युक्ती केली. त्या आवरणाला आतल्या बाजूने आडवी चीर द्यायची. एवढ्यानेच पडदा सैल होतो आणि भोक ओलांडून टाळूच्या कडेपर्यंत आरामात येतो. आज जगभरात हे भोक बंद करायला सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत हीच. मामांचंही असंच केलं. तोटा एकच. गाल आणि हिरडीमधली खाच उथळ होते, मग पुढे कवळी बसवायची असेल तर अडचण येऊ शकते.

1939 मध्ये ॲशली यांनी टाळूच्या बाजूचा फ्लॅप सांगितला. टाळूची कातडी जाड असते आणि तिच्यात मागून पुढे जाणारी एक चांगली धमनी आहे. त्या धमनीसकट कातडीची पट्टी सोलायची आणि घड्याळाच्या काट्यासारखी वळवून भोकावर ठेवायची. टाळूवरची उघडी पडलेली जागा काही आठवड्यांत भरून येते, पण तोवर जेवताना जीव जातो.

आणि मग येते माझी आवडती पद्धत. आपल्या गालात आत चरबीचा एक गोळा असतो. लहान बाळांचे गाल गुबगुबीत दिसतात ना, त्यात याचा मोठा वाटा. अठराव्या शतकात हाइस्टर नावाच्या जर्मन डॉक्टरांना ही लाळेची गाठ वाटली होती. फ्रेंच डॉक्टर बिशा यांनी 1800 च्या सुमाराला सांगितलं की अहो, ही नुसती चरबी आहे. नंतर पावणेदोनशे वर्षं सर्जनना या गोळ्याचा वैतागच होता, कारण गालात ऑपरेशन करताना तो मध्ये मध्ये येतो. 1977 मध्ये एगेदी यांनी त्यालाच कामाला लावलं. गालातली चरबी हळूच ओढून भोकावर आणायची आणि शिवायची. तिला स्वतःचा रक्तपुरवठा भरपूर. पुढे असंही दिसलं की वरून कातडी लावायचीही गरज नाही. ती पिवळी चरबी तोंडात उघडीच सोडली तरी तीन-चार आठवड्यांत तिच्यावर तोंडातलं गुलाबी अस्तर चढतं. मोठ्या भोकांना आणि एकदा फसलेल्या ऑपरेशनला ही पद्धत फार उपयोगी पडते.

तिन्ही पद्धतींत ऑपरेशनआधीची दोन कामं सारखीच. पहिलं, सायनसमधला पू धुऊन, औषधं देऊन आतलं दुखणं आटोक्यात आणायचं. दुसरं, त्या भोकाला धरलेलं अस्तर कापून काढायचं, म्हणजे कडा परत ताज्या होतात आणि रक्त येतं. मामांना हे समजावताना तिथले डॉक्टर म्हणाले होते, "काका, जिथून रक्त येतं तिथेच मांस धरतं." यापेक्षा सोप्या शब्दांत मला सांगता येणार नाही.

2021 चा उन्हाळा

इथपर्यंत गोष्ट पाच-सात मिलिमीटरच्या भोकाची होती. आता जी गोष्ट सांगतो ती जड आहे.

कोरोनाची दुसरी लाट आठवते? एप्रिल-मे 2021. ऑक्सिजन, बेड, इंजेक्शन, सगळ्याची मारामार. लोक त्यातून वाचून घरी आले आणि काहींना दोन-तीन आठवड्यांत गाल सुन्न पडायला लागला, वरचे दात हलायला लागले, टाळूवर काळा डाग दिसायला लागला. म्युकरमायकोसिस. पेपरांनी नाव दिलं 'काळी बुरशी'. रक्तात साखर जास्त आणि कोरोनासाठी दिलेली स्टेरॉइड्स, या दोन गोष्टी एकत्र आल्या की या बुरशीचं फावतं. मे 2021 मध्ये केंद्राने राज्यांना सांगितलं की या आजाराची प्रत्येक केस साथरोग कायद्याखाली नोंदवा. महाराष्ट्र सरकारने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत याचा उपचार घेतला. एम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाईक जिल्ह्या-जिल्ह्यात फिरत होते.

बुरशी मुळात काळी नसते. काळं असतं ते मेलेलं मांस. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते आणि त्या बंद करते. रक्त थांबलं की हाड आणि मांस जागेवर मरतं. बघा, परत तोच मुद्दा, फक्त उलट्या बाजूने. जीव वाचवायचा तर मेलेलं सगळं काढावंच लागतं. म्हणून कित्येकांचा वरचा जबडा अर्धा किंवा पूर्ण काढला गेला. तोंड, नाक आणि सायनस एक झाले. इथे रेहरमानचा पडदा पुरत नाही, गालातली चरबी पुरत नाही.

मग? मग सगळ्यात जुना उपाय कामाला आला. सोळाव्या शतकात फ्रान्सचे सर्जन आंब्रोज पारे टाळूला भोक पडलेल्या लोकांसाठी सोन्या-चांदीचा पत्रा बनवायचे. त्याच्या वरच्या अंगाला स्पंज. स्पंज ओला झाला की फुगतो आणि पत्रा जागेवर धरून ठेवतो. 2021 नंतर दंतवैद्यांनी हेच केलं, फक्त चांदीच्या जागी ॲक्रिलिक. कवळीसारखं, पण वर पोकळी बुजवणारा फुगवटा असलेलं. ते बसवलं की माणूस परत गिळू शकतो, आणि त्याचं बोलणं दुसऱ्याला कळतं. काढलं की परत सगळं उघडं.

आणि काहींचा जबडा पुढे नव्याने बांधला जातो. पिंढरीतलं बारीक हाड घेतात, त्याच्या धमनीसकट. ती धमनी मानेतल्या धमनीला सूक्ष्मदर्शकाखाली, केसापेक्षा बारीक धाग्याने जोडतात. पुण्याजवळच्या त्या कारागिराला देठ जोडलेला ठेवावा लागत होता, कारण तोडलेला देठ परत जोडण्याची सोय नव्हती. आता ती सोय आहे. पण नियम तोच राहिला. रक्त पोचलं तर जगेल, नाही पोचलं तर नाही.

धाराशिवमध्ये बसून

मी हा भाग का केला ते सांगतो. आपला जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. दंतवैद्यांची नोंदणी करणारा कायदा भारतात आला तोही 1948 मध्येच. त्याआधी आणि त्यानंतरही बरीच वर्षं आपल्याकडे दात म्हणजे बाजारच्या दिवशी उपटून घ्यायची गोष्ट होती. आताशा तालुक्याला दंतवैद्य आहेत, जिल्ह्याला सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, तोंडाच्या सर्जनसाठी लातूर-सोलापूर फार लांब नाही. अंतर कमी झालं. लाज तेवढी कमी झाली नाही.

मामांच्या भोकाला पहिल्याच आठवड्यात दाखवलं असतं, तर कदाचित दोन टाक्यांत भागलं असतं. आठ महिन्यांनी सीटी स्कॅन, सायनस धुणं, फ्लॅप, सगळं करावं लागलं. मधले आठ महिने भजन गेलं, ते वेगळंच.

म्हणून हे लक्षात ठेवा. वरची दाढ काढल्यावर पाणी नाकातून आलं, चूळ भरताना हवा वर गेल्यासारखी वाटली, किंवा एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत राहिलं, तर ज्यांनी दात काढला त्यांनाच लगेच फोन करा. नाक दाबून, फुंकून स्वतः तपासत बसू नका, त्याने बारीक भोक मोठं होऊ शकतं. काडी तर नाहीच नाही. ऑपरेशन झालं तर साधारण दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, स्ट्रॉने काही प्यायचं नाही. आणि तंबाखू, बिडी, गुटखा बंद, कारण त्याने रक्तपुरवठा कमी होतो, आणि सगळा खेळ रक्ताचाच आहे हे एव्हाना तुम्हाला पाठ झालं असेल. बाकी सल्ला तुमचे डॉक्टर देतील. मी डॉक्टर नाही, गोष्टी सांगणारा माणूस आहे.

मामांना मी हायमोरच्या त्या बाईची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे तिलाबी तसंच वाटलं व्हतं व्हय?"

मी म्हणालो, "हो मामा, अगदी तसंच."

"आन मग बरी झाली का ती?"

हायमोरनी तिची भीती घालवली एवढं मी सांगू शकलो. ते भोक बंद करायची कला तेव्हा तिच्या देशात कुणालाच येत नव्हती. मामा म्हणाले, "माझं नशीब चांगलं म्हणायचं." आणि टाळ बाजूला ठेवून पुढे जाऊन बसले. त्या एकादशीला त्यांनीच सुरुवात केली.

हा भाग आवडला तर तुमच्या घरातल्या त्या एका माणसाला नक्की ऐकवा, जो दुखणं अंगावर काढतो आणि "सर्दी आहे" म्हणतो. प्रत्येक घरात एक असतोच. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, काळजी घ्या!